पांढऱ्या घरातले पाहुणे

दार उघडंच होतं, म्हणून ती दोघं सरळ आत आली. गळ्यात कॅमेरे, अंगात सारखीच निळी जॅकेटं. सकाळी धक्क्याला लागलेल्या मोठ्या जहाजातली असणार. उन्हाळ्यात अशी माणसं गावात रोजच उतरत.

आन्फिन स्वयंपाकघरात बसला होता. तो उठला नाही. त्याची बायको मार्गित पहाटे गेली होती. डॉक्टर येऊन गेला. तिला न्यायला येणारी गाडी खाडीपलीकडून, दुपारच्या फेरीबोटीने यायची होती. तोवर काय करायचं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने खिडकी उघडली, मग दार उघडलं, आणि नेहमीसारखी दोघांची कॉफी करून ठेवली.

बाईने चुलीचा फोटो काढला. लाकडावरची ती जुनी लोखंडी चूल तिला फार आवडलेली दिसली. नवरा भिंतीवरचं घड्याळ निरखत राहिला. त्यांना हे गावचं संग्रहालय वाटत होतं, आणि टेबलाशी बसलेला म्हातारा त्यातलाच एक भाग. आन्फिनच्या ते लक्षात आलं. राग यायला हवा होता. आला नाही. त्याने दोन कप भरले आणि पुढे सरकवले. दोघांनी ते खुशीत उचलले.

कप घेऊन बाई आतल्या खोलीच्या बंद दारापाशी गेली. तिने मुठीला हात लावला.

"तिकडे नको," आन्फिन म्हणाला.

शब्द तिला कळले नसावेत. तरी तिने हात मागे घेतला.

तेवढ्यात सुनिव्हा धापा टाकत आत आली. शेजारच्या गल्लीत वाढलेली पोर. हल्ली ती पाहुण्यांना गाव हिंडवून दाखवायची. तिच्यामागचा घोळका बाहेर फाटकाशी थांबला होता.

"अगं बाई! आन्फिनकाका, माफ करा हं. संग्रहालय पुढच्या वळणावर आहे म्हणून घसा फोडून सांगते, पण ऐकतंय कोण!" मग त्या दोघांना तिने त्यांच्या भाषेत दबक्या आवाजात चांगलंच सुनावलं. बाई लालेलाल झाली. नवऱ्याने कप जिथून उचलला होता तिथेच अलगद परत ठेवला.

"पिऊ दे की त्यांना," आन्फिन म्हणाला. "केलेलीच होती."

"काकू जाग्या नाही ना झाल्या?"

आन्फिनने टेबलावर सांडलेला थेंब बोटाने पुसला.

"सुनिव्हा, आमच्या घरापाशी तू लोकांना काय सांगतेस गं? रोज थांबलेली दिसतेस."

"इथे? काहीच नाही हो. आत आजारी बाई झोपलीये, घर मागे पडेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही, एवढंच बजावते."

"आता बोलू दे त्यांना," आन्फिन म्हणाला.

सुनिव्हाने बंद दाराकडे पाहिलं.

बाहेर फाटकाशी माणसं दाटीने उभी होती. एकाला खोकला आला, तर शेजारणीने त्याला डोळ्यांनी दटावलं.