पहिला बाण

तिरंदाजी क्लब निघाला तेव्हा मागवलेली धनुष्यं काही आलीच नाहीत. ती येईपर्यंत नुसतं बसून काय करायचं, म्हणून टेलरकाकांनी मंडळींचा रिकाम्या हातांनीच सराव सुरू केला. "ओढा… रोखा… सोडा!" बघता बघता नातवंडंही रांगेत उभी राहू लागली. कुणाचा बाण हुकला की अख्खा हॉल हळहळायचा. टेलरकाकांचा मात्र एकदाही हुकला नव्हता.

क्लबच्या सुवर्णमहोत्सवात अध्यक्षांच्या जावयानं खरंखुरं धनुष्य भेट दिलं.

"काका, पहिला बाण तुमचाच!" सगळे एका सुरात ओरडले.

काकांची आयुष्यभर कमावलेली अब्रू त्या दोरीला टांगली होती, आणि पहिल्याच रांगेत काकू कौतुकानं पाहत बसल्या होत्या. नाही म्हणायची सोय नव्हती. काकांनी डोळे मिटून दोरी ओढली आणि सोडली. बाण पंख्यावर आपटला, गर्रकन वळला आणि अध्यक्षांच्या खुर्चीच्या पाठीत जाऊन रुतला.

काका मान खाली घालून उभे राहिले. आता कुठल्या तोंडानं क्लबात यायचं, हेच त्यांना कळेना.

अध्यक्ष खुर्चीतून सावकाश उठले. काकांच्या हातातलं धनुष्य घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिलं, दोरीचा दोनदा टणत्कार करून बघितला आणि जावयाला बाजूला घेऊन हळूच म्हणाले,



"जावईबापू, तुम्हाला फसवलं हो त्या दुकानदारानं. हे धनुष्य नकली आहे."