हुंकार

शाळेचं वाचनालय मुलंच चालवायची. त्यांच्या म्होरकीला सगळे चिकटपट्टी म्हणत, कारण फाटकं पुस्तक आणि पळणारं पोर, दोन्ही तिच्या तावडीतून सुटत नसत. पण आज बाई बजावून गेल्या होत्या, "आज कुणी वाचायला आलं नाही, तर उद्यापासून इथे टेबल टेनिस."

मधल्या सुट्टीत आली ती फक्त तिची मैत्रीण, तीही डबा खायला.

"तू वाच गं मोठ्यानं. मी हं हं करते, तेवढंच तुझ्या जिवाला बरं."

चिकटपट्टी रंगून वाचू लागली. प्रत्येक वाक्याला मागून असा गोड हुंकार येई, की तिला भरून आलं.

"तुलाही आवडतंय की!" म्हणत तिने मान वर केली. मैत्रीण खिडकीबाहेर नळावर डबा धूत होती.

"हं," भिंतीला चिकटलेल्या कपाटामागून आलं.

तिने पुस्तक मिटलं. "बा... बाकीचं उद्या."

मग एकेका कपाटामागून, अगदी लाडात, कुजबुज सुरू झाली.

"उद्या कशाला, ताई? सगळे आलोय ना!"

आणि दाराला आतून हलकेच कडी लागली.