लाखेचं पाकीट

"हा शब्द आमचा आहे," म्हातारे संपादक म्हणाले आणि त्यांनी लाख लावलेलं जुनं पाकीट टेबलावर ठेवलं.

तिनं पाकिटाला हात लावला नाही. उद्या सकाळी तिच्या बाबांचा इंग्रजी शब्दकोश सहाव्यांदा छापायला जायचा होता. दोन लाख शब्द, प्रत्येकाचा अर्थ, प्रत्येकाचा उगम. आणि आज दुसऱ्या कोशाचे हे संपादक चोरीचा आळ घेऊन दारात. आळ खरा ठरला तर छपाई थांबणार होती. मुखपृष्ठावरून बाबांचं नाव उतरणार होतं.

शब्द होता 'ग्लोफ्ट'. दिवा मालवल्यावर काचेत मागे राहणारी ऊब. उगम, जुन्या नॉर्स खलाशांची बोली.

असा शब्द इंग्रजीत कधी नव्हताच, म्हाताऱ्यांनी शांतपणे सांगितलं. चाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या कचेरीत तो बनवला होता, नक्कल करणाऱ्याला पकडायला. तेव्हा पद्धतच होती तशी. एखादा खोटा शब्द कोशात पेरायचा. बनवणाऱ्यानं चिठ्ठी लिहून पाकिटात बंद करायची, वर फक्त शब्द लिहायचा. बनवला कुणी, हे संपादकालाही कळू द्यायचं नाही.

"अख्खी इंग्रजीच मागून आणलेल्या भांड्यांवर संसार करते," ती म्हणाली. "अर्धंअधिक घर लॅटिन नि फ्रेंचचं. तिला कुणी चोर म्हणत नाही."

"कारण ती भांडी कुणाची, ते आपण छापतो," म्हातारे म्हणाले.

तिनं कचेरीतल्या मावशींना त्या शब्दाचं कार्ड आणायला सांगितलं. बाबा दुसऱ्याच्या कोशातून शब्द घेतच नसत. वाचनात आलेला शब्द, पुस्तकाचं नाव, पान. हे तिन्ही नसेल तर कार्ड सरळ टोपलीत. तीस वर्षं कार्डांच्या खणांवर नागासारख्या बसलेल्या मावशी जाता जाता म्हणाल्या, की साहेबांनी चोरी केलेली निघाली तर त्या आपलं नाव बदलून ठेवतील.

खण उघडल्याचा आवाज आला.

तिचं लक्ष समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे गेलं. ती संपादक झाली आणि बाबांनी शेवटची दोन वर्षं तिथं बसून तिला छळलं. एकच कार्ड तीनदा लिहायचं. 'एम'चा गठ्ठा 'टी'च्या खणात. मुलीच्या हाताखाली काम करणं झेपत नाही, असं तिचं ठाम मत. "मुद्दाम करता ना तुम्ही?" ती रोज विचारायची, चारचौघांत. ते पुढचं कार्ड ओढायचे. मग सात वर्षांपूर्वी डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं. आत्ता कुठे सुरुवात आहे, म्हणाले. तेव्हापासून बाबा घरी. आता तर ते तिलाच विचारतात, तुम्ही कोण.

मावशी आल्या. कार्ड त्यांनी टेबलावर उलटं ठेवलं. तिनं ते सुलट केलं.

शब्द, अर्थ, उगम, खाली तारीख. सगळं बाबांच्या उजवीकडे झुकलेल्या अक्षरात. पुस्तक नाही, पान नाही. त्या जागी एकच ओळ होती, 'कुठेतरी वाचलेला. चांगला आठवतो.'

म्हाताऱ्यांनी लाख फोडली. पिवळी पडलेली चिठ्ठी त्यांनी डोळ्यांजवळ नेली, मग कार्डाशेजारी ठेवली. दोन्हींवरचं अक्षर एकच होतं. उजवीकडे झुकलेलं.

"पहिली नोकरी त्यांची आमच्याकडेच," म्हातारे सावकाश म्हणाले. "पण हा त्यांनी बनवला होता, हे मला आज कळतंय."

"कार्ड लिहिताना त्यांनाही नाही कळलं," ती म्हणाली.

"चोरी नाही ही, पोरी. ते फक्त विसरले. हा एक शब्द काढ. नाव राहू दे."

मावशींनी पदरानं डोळे पुसले. म्हाताऱ्यांनी विचारलं, त्यांना भेटायला आलो तर चालेल का. तिनं मान डोलावली. तिची नजर कार्डाच्या तळाशी अडकली होती.

तारीख नऊ वर्षांपूर्वीची होती, तिनं 'मुद्दाम करता ना' विचारायला सुरुवात केली तेव्हाची.