शनिवारची टेप

"मारायलाच पाहिजे होतं त्याला!" डेव्हॉननं सोफ्याच्या हातावर मूठ आपटली. "भावाचा खुनी समोर पडलाय, हातात तलवार आहे, आणि ही बया काय करते? तलवार म्यान करते आणि चालू लागते. इतके आठवडे आम्ही काय यासाठी जागलो?"

"तू कुठं जागतोस? दर रविवारी माझीच टेप तर बघतोस फुकटात," रोशेल म्हणाली.

एक टीव्ही वाहिनी शनिवारी मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून, दाखवायची. आधी मालिकांचे भाग, मग एखादा सिनेमा. रोशेलला तशीही रात्रीची झोप लागत नसे. ती जागून सगळं टेप करायची आणि रविवारी दुपारी डेव्हॉन आणि वेंडल तिच्याकडे जमायचे. डेव्हॉन टायरच्या दुकानात कामाला होता, धिप्पाड आणि तोंडाळ. वेंडल शाळेची बस चालवायचा, बोलायचा कमी. यंगस्टाउनमधल्या तिच्या त्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत हीटर धड चालत नव्हता, म्हणून तिघंही कोट घालूनच बसले होते. टेबलावर बिडाच्या जड तव्यात मक्याचा पाव होता, अर्धा खाऊन झालेला.

"मारून काय मिळालं असतं?" रोशेलनं विचारलं. "भाऊ परत आला असता? दमली होती रे ती. तिला ते सगळं संपवायचं होतं."

"वेंडल, तू सांग."

"रोशेल म्हणते ते बरोबर आहे."

"रोशेलनं उद्या सूर्य हिरवा आहे म्हटलं तरी तू हेच म्हणशील!" डेव्हॉन खदखदून हसला. "अरे, एकदाचं बोलून टाक ना तिला. ॲनिमेतली पोरंसुद्धा एवढे भाग घेत नाहीत."

वेंडलचे कान लाल झाले. रोशेलनं डेव्हॉनला उशी फेकून मारली, पण ती हसत होती. "थांबा," ती म्हणाली, "शेवट परत लावते. नीट बघा आणि मग भांडा."

तेवढ्यात दारावर जोरात थाप पडली.

"रोशेल! उघड!"

तिनं रिमोट अगदी हळू खाली ठेवला. क्लिंट. तिचा आधीचा नवरा. या घराजवळ फिरकायची त्याला कोर्टाची बंदी होती. त्या दोघांनी त्याचं फक्त नाव ऐकलं होतं.

"कुणी बोलू नका," ती कुजबुजली. "जाईल आपोआप."

तो गेला नाही. दुसऱ्या लाथेला कडी लाकडासकट उखडून आली. आत येऊन त्यानं एका हातानं तिचे केस धरले आणि दुसऱ्या हातानं तिच्या तोंडावर ठोसा मारला. तिचं डोकं भिंतीवर आपटलं.

"हे कोण? आता दोन-दोन लागतात काय तुला?" त्यानं आणखी एक मारला.

डेव्हॉन भिंतीला चिकटून उभा होता. "अहो मिस्टर," तो म्हणाला, "अहो, ऐका ना..." त्याच्या तोंडून एवढंच निघालं.

वेंडलनं तवा उचलला. पाव जमिनीवर पडला. पहिला फटका क्लिंटच्या कोपरावर बसला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला आणि रोशेलचे केस सुटले. क्लिंट वळला तोवर दुसरा फटका जबड्यावर बसला. तो खाली कोसळला, दात थुंकला आणि धड असलेला हात त्यानं वर केला.

"बस, बस... चाललो मी. चाललो."

वेंडलनं त्या वर केलेल्या हातावर तवा घातला. मग गुडघ्यावर. मग बरगड्यांवर. तोंडातून शब्द नाही, चेहऱ्यावर राग नाही. दारापुढचा गोठलेला बर्फ फोडावा तसा तो एका लयीत मारत राहिला.

"वेंडल, पुरे!" रोशेल किंचाळली. "मरेल तो! वेंडल!"

त्याला ऐकूच जात नव्हतं. शेवटी डेव्हॉननं मागून मिठी घालून त्याला वर उचललं, तेव्हा कुठं तवा त्याच्या हातून पडला.

क्लिंट जिवंत होता. कुशीवर पडून तो घरघरत श्वास घेत होता आणि प्रत्येक श्वासाला ओठांवर रक्ताचा फुगा येत होता. त्याच्या पँटीखाली ओल पसरली होती. डेव्हॉन फोनवर ॲम्ब्युलन्सला पत्ता सांगत होता. "नाही, नाही, तो माझा पत्ता झाला," तो म्हणाला, "थांबा, हे घर... रोशेल, नंबर काय गं तुझ्या घराचा?" रोशेल वेंडलच्या हातांकडे बघत होती.

वेंडलचा श्वास हळूहळू खाली बसला. आपले हात त्यानं कोटाला पुसले. मग तो स्वयंपाकाच्या ओट्याकडे गेला, एक फडकं नळाखाली धरलं, पिळलं.

रोशेल भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. तिचा ओठ फाटला होता, हनुवटीवरून रक्त गळत होतं. वेंडल तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्यानं फडकं पुढं केलं.

"पूस," तो हळूच म्हणाला. "खूप लागलंय तुला."

ती मागे सरकायला गेली. मागे भिंत होती. तिनं दोन्ही हात तोंडासमोर आडवे धरले आणि त्यांच्याआडून खालच्या आवाजात, घाईघाईनं म्हणाली,

"रागावू नकोस ना. पोलिसांना तू म्हणशील तेच सांगते मी."