डावा कौल

गंगाराम गुरवाने देवाच्या पाषाणावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि देवळातली कुजबुज थांबली. उजवी आधी पडली तर देवाचे होय, डावी पडली तर नाही.

गुरुदासभाईंनी हात जोडून गाऱ्हाणे घातले. देवस्थानचा फंड त्यांच्या ताब्यात होता, त्यामुळे गाऱ्हाणेही त्यांचेच.

"बा देवा म्हाराजा, ही मथुरा आज तुझ्या पायाकडे इली आसा. हिच्या चेडवाक मास्तरणीच्या शिक्षणाक धाडूचा आसा. तुझ्या फंडातले दीडशे रुपये हिका देवचे काय नाय, तां तूच सांग."

"व्हय म्हाराजा," खांबांशी बसलेली माणसे म्हणाली.

मथुरा पदर घट्ट धरून उभी होती. तिची मुलगी सुशीला फायनल पास झाली होती. ट्रेनिंग कॉलेजात तिला जागा मिळाली होती. सोमवारपर्यंत पैसे भरले नाहीत तर ती जागा दुसरीला जाणार होती. तालुक्याच्या बँकेतल्या साहेबाने मथुराला खुर्ची दिली, पाणी दिले, पैसे मात्र दिले नाहीत. जमीन दिरांच्या नावाने सामायिक, मग तारण काय? माड माझे आहेत, मी लावलेत, असे ती म्हणाली होती. साहेब हसला होता. बाई, माड म्हणजे तारण नव्हे.

गावात पैसे मिळत, पण ते घेतलेली घरे तिने पाहिली होती. देवाच्या फंडाचे व्याज नावापुरते होते. आणि देव तिला चांगला ओळखत होता. वीस वर्षे ती त्याचे अंगण सारवत होती.

पाषाणावरून पाण्याचा एक ओघळ उतरला. डावी पाकळी सुटली आणि खाली पडली.

गंगारामाने पाकळी उचलून तबकात ठेवली. मथुराकडे त्याने पाहिले नाही.

"देवाची इच्छा नाय, मथुरे," गुरुदासभाई म्हणाले. "आता माझ्या हातात काय रवला नाय."

मथुरा वळली. मागे काशीबाई उभी होती, शेजारीण. देवळात येताना वाटेत तीच म्हणाली होती की फंडातून नाही मिळाले तर माझ्या पाटल्या आहेत, सोनाराकडे ठेवू, तू सवडीने सोडव. आता तिने दोन्ही हात पदराखाली घेतले होते.

"काशीबाय..."

"नको गो. देवान नको म्हटल्यान, मगे मी कशी देतलंय? माझ्याय घरात पोरांबाळां आसत."

ती पायऱ्या उतरून गेली. तेव्हा मथुराच्या लक्षात आले की आपण काय करून बसलो. कौल लावला नसता तर पाटल्या होत्या. आता साऱ्या गावाने डावा कौल ऐकला होता. देवाने नाही म्हटलेल्या कामाला हात लावायला कोणी धजणार नव्हते.

माणसे पांगली. गुरुदासभाई सभामंडपाच्या पायरीवर बसून पान जुळवत होते.

"बस गो," ते म्हणाले. "इतक्या काय तोंड पाडतंस? फंडातले पैशे देव नयेत, असो कौल झालो. माझ्या पैशांचा देवाक कोणी इचारूक नाय."

मथुरा उभीच राहिली. "व्याज किती घेतलास?"

"व्याज कशाक? आपण एका गावची माणसां. तुझे विहिरीकडचे चार माड माझ्याकडे ऱ्हवांदेत. नारळ मी पाडतलंय. पैशे परत करशीत, त्या दिसाक माड तुझे."

त्या चार माडांवर मथुराचे घर चालत होते. बाकीचे म्हातारे झाले होते.

"नारळ तुमी पाडल्यार मी फेडू कशातसून?"

"चेडू मास्तरीण झाला की ता फेडीत. शिकवतंस कशाक मगे?"

मथुरा गाभाऱ्याकडे बघत राहिली. आत गंगाराम समईची वात सारखी करत होता, ती सारखीच होती तरी.

"मगे तुमच्या पैशांकय कौल लावया, भाई," ती म्हणाली. "गुरव अजून हयच आसा."

गुरुदासभाईंचा चुना लावणारा अंगठा पानावर थांबला. मग ते हसले.

"देवाक एका दिसात किती तरास देवचो, मथुरे? सोमवार लांब नाय हां."

पान तोंडात टाकून त्यांनी बंडीच्या खिशातून नोटा काढल्या. त्या आधीच दोऱ्याने बांधलेल्या होत्या. मथुराने त्या घेतल्या.

ती घरी पोचली तेव्हा सुशीला विहिरीवर पाणी ओढत होती. आईच्या हातातले पुडके पाहून तिने हातातला दोर तसाच सोडला आणि कळशी धाडदिशी पाण्यात गेली. मथुरा तिच्याजवळ गेली नाही. ती माडांपाशी थांबली होती. विहिरीकडच्या चारही माडांना छातीच्या उंचीवर चुन्याचा पट्टा ओढलेला होता. तिने पट्ट्यावरून बोट फिरवले. चुना खडखडीत वाळला होता.

"ह्यो पट्टो कोणी मारल्यान?"

"गुरुदासभाईंच्या गड्यान," सुशीला म्हणाली. "सकाळी तू देवळात जावक भायर पडलंस, तेवढ्यात इलो. मी इचारलंय त्याका. म्हणालो, तुझ्या आवशीक म्हायत आसा."