दोष फोनचा

अजून बाजारात न आलेलं बीटा सॉफ्टवेअर त्यानं हौसेनं स्वतःच्या फोनवर टाकलं, आणि आठवड्याभरात त्याच्या लक्षात आलं, आईचा फोन आला की रिंग वाजतच नाही.

"सॉफ्टवेअर कच्चं आहे गं अजून," त्यानं आईला सांगितलं आणि फोनमधल्या नोंदी जोडून कंपनीकडे तावातावानं तक्रार ठोकली.

दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं: "सॉफ्टवेअरमध्ये दोष नाही. हा नंबर तुम्हीच सव्वा वर्षापूर्वी म्यूट केलेला आहे."

त्याला ऑफिसातली ती मीटिंग आठवली; आईचे सारखे फोन येत होते म्हणून त्यानं तेवढ्यापुरतं म्यूट केलं होतं. त्यानं गुपचूप म्यूट काढलं. तासाभरात रिंग वाजली.

"लागला बाई एकदाचा!" आई हरखून म्हणाली. "तुझ्या मावशीला मी वर्षभर हेच सांगतेय, दोष त्याच्या फोनचाच आहे म्हणून."