ताब्याची तारीख

चिखलोलीतल्या फ्लॅटचा ताबा नऊ वर्षं मिळेना, तेव्हा भालेकर महाशिवरात्रीला अंबरनाथच्या पुरातन देवळात साकडं घालायला आले. चार तास रांगेत काढून पायऱ्या उतरले, पिंडीपुढे हात जोडले आणि साइटवरच्या सवयीनं आधी स्लॅब बघायला मान वर केली. वर थेट आभाळ.

“गुरुजी, शिखर कुठंय?”

“राहिलंय. पांडवांनी एका रात्रीत बांधायला घेतलं म्हणतात. उजाडलं, तसे निघून गेले.”

“मग आता कधी होणार?”

“काका, मागं रांग बघा. काय मागायचं ते मागा पटकन.”

भालेकर गोंधळले. आता कुठल्या तोंडानं मागणार? शेवटी पिंडीपाशी वाकून, बिल्डर दरवर्षी त्यांना देतो तोच धीर त्यांनी देवाला दिला, “दिवाळीपर्यंत नक्की होतंय.”